एकदांडीचा अर्क: डीपीपीएचला ९२ टक्के, प्लेटवर जेमतेम ९ मिमी. गडबड कुठे आहे?

रानपाला (प्रश्न)

एकदांडीच्या (ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स) पानांचा अर्क जिवाणूरोधक आणि ॲन्टिऑक्सिडंट अशा दोन्ही अंगांनी तपासायचा आहे. पहिल्या फेरीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून काय काय केलं ते सगळं देतो.

अर्क: पानं ३ दिवस उन्हात वाळवून दळली. २० ग्रॅम पूड, २०० मिली मेथॅनॉल, ४८ तास, अधूनमधून हलवून. गाळलेला द्राव उघड्या चंचुपात्रात ८० अंशांच्या वॉटर बाथवर आटवला. चिकट हिरवागार लगदा ३.१ ग्रॅम, म्हणजे १५.५ टक्के उतारा. तो डीएमएसओ या विद्रावकात ५० मिग्रॅ/मिली असा विरघळवला.

प्लेट: न्यूट्रियंट अगार, ६ मिमीचे वेल (अगारमध्ये पाडलेली भोकं), प्रत्येकात ५० मायक्रोलिटर, ३७ अंशांना २४ तास. झोनचा, म्हणजे जिवाणू न उगवलेल्या वर्तुळाचा व्यास: स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर ९ मिमी, ई. कोलायवर काही नाही, नुसत्या डीएमएसओला ८ मिमी. जेन्टामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची डिस्क दोन्हींवर २२ मिमी.

डीपीपीएच (जांभळा रॅडिकल, ॲन्टिऑक्सिडंटने विझला की पिवळा होतो): ०.१ मिलीमोलर द्राव ३ मिली अधिक नमुना १ मिली, ३० मिनिटं अंधारात, ५१७ नॅनोमीटर. अर्काच्या ५०० मायक्रोग्रॅम/मिलीला ९२ टक्के विझलं. ॲस्कॉर्बिक आम्लाचं आयसी५० (निम्मं डीपीपीएच विझवणारी तीव्रता) आलं ३८ मायक्रोग्रॅम/मिली.

प्रश्न तीन. ९ मिमीला 'सौम्य क्रिया' म्हणता येईल का? ॲन्टिऑक्सिडंट गुण इतका चांगला असताना जिवाणूंवर परिणाम का दिसत नाही? आणि दुसऱ्या फेरीत नेमकं काय बदलायचं?

पेट्रीडिश

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. नुसत्या डीएमएसओलाच ८ मिमी आहे. उरलेला एक मिमी हा पट्टीने मोजण्यातला फरक आहे, त्याला क्रिया म्हणू नका.

आता जरा हिशेब करू. ५० मिग्रॅ/मिलीचे ५० मायक्रोलिटर म्हणजे एका वेलमध्ये अडीच मिलिग्रॅम अर्क. शेजारच्या डिस्कमध्ये जेन्टामायसिन १० मायक्रोग्रॅम. म्हणजे अडीचशेपट माल घालून तुम्ही दोन्ही झोन एकाच पट्टीने मोजताय. शिवाय झोन किती मोठा पडतो हे फक्त मारक शक्तीवर ठरत नाही. पदार्थ अगारमध्ये किती लांब झिरपतो यावरही ठरतं. अगार म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. पानातले तेलकट, मेणचट, कमी ध्रुवीय पदार्थ वेलच्या कडेलाच साखळतात. अशा अर्कात एखादं जोरदार संयुग असलं तरी झोन ८-९ मिमीच दिसेल, आणि साधंसं पण पाण्यात सहज विरघळणारं संयुग १५ मिमी दाखवेल. वेलची पद्धत फार तर चाळणी म्हणून वापरा, निष्कर्षासाठी नाही.

चाळणी तरी नीट हवी. न्यूट्रियंट अगार सोडा, म्युलर-हिंटन घ्या: पीएच ७.२ ते ७.४, प्लेटमध्ये जाडी ४ मिमी. जाडी वाढली की झोन आपोआप लहान होतो. जेन्टामायसिनचे २२ मिमी ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित स्ट्रेनसाठी १९ ते २६ च्या मान्य मर्यादेत बसतात खरे, पण ती मर्यादा म्युलर-हिंटनवरची आहे, त्यामुळे न्यूट्रियंट अगारवर तिचा आधार घेता येत नाही. तुमचे स्ट्रेन कोणते तेही लिहिलेलं नाही. जिवाणूंच्या द्रावाची घनता ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं प्रमाण माप) ठेवा, म्हणजे ६२५ नॅनोमीटरला ०.०८ ते ०.१३, साधारण दीड कोटी नव्हे, पंधरा कोटी पेशी प्रति मिली. (हे एक शून्य खाल्लेलं फार ठिकाणी दिसतं.) द्राव तयार झाल्यापासून १५ मिनिटांत स्वॅब फिरवा.

खरं उत्तर मात्र ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात अर्क दर पायरीला निम्मा करत नेण्यात, मिळेल. ९६ वेलच्या प्लेटची मांडणी अशी:

डीएमएसओमधला साठा १०० मिग्रॅ/मिली करा. त्यातले २०.५ मायक्रोलिटर घेऊन म्युलर-हिंटन ब्रॉथने १ मिली करा. हे झालं साधारण २०४८ मायक्रोग्रॅम/मिली. पहिल्या रकान्यात याचे २०० मायक्रोलिटर, दुसऱ्या ते दहाव्या रकान्यात नुसता ब्रॉथ १००-१०० मायक्रोलिटर. पहिल्यातून १०० उचलून दुसऱ्यात, नीट मिसळून तिसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत, आणि दहाव्यातले १०० टाकून द्या. दर पायरीला टिप बदला. तीच टिप शेवटपर्यंत चालवली तर तिच्या आतल्या भिंतीला चिकटलेला अर्क पुढे पुढे जातो आणि एमआयसी (वाढ रोखणारी किमान तीव्रता) आहे त्यापेक्षा चांगला दिसतो.

०.५ मॅकफार्लंडचा द्राव १:१५० पातळ केला की दहा लाख पेशी/मिली होतात. त्याचे १०० मायक्रोलिटर प्रत्येक वेलमध्ये गेले की शेवटी पाच लाख/मिली, आणि अर्क १०२४ पासून २ मायक्रोग्रॅम/मिलीपर्यंत उतरत जातो. पहिल्या रकान्यात डीएमएसओ जेमतेम १ टक्का राहतो. अकरावा रकाना वाढीचा कंट्रोल: जिवाणू आहेत, अर्क नाही, पण १ टक्का डीएमएसओ आहे. बारावा निव्वळ ब्रॉथ. एक रांग अर्काची पण जिवाणूंविना, आणि एक रांग जेन्टामायसिनची. एटीसीसी २५९२२ वर जेन्टामायसिनचा एमआयसी ०.२५ ते १ आणि एस. ऑरियस एटीसीसी २९२१३ वर ०.१२ ते १ मायक्रोग्रॅम/मिलीच्या दरम्यान आला नाही, तर त्या दिवसाची अख्खी प्लेट बाद. ३५ अंश, १६ ते २० तास.

पेशी खरोखर पाच लाख होत्या का, तेही तपासा. मिसळून झाल्याबरोबर वाढीच्या कंट्रोलमधले १० मायक्रोलिटर १० मिली सलाइनमध्ये घाला, त्यातले १०० मायक्रोलिटर अगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी ५० च्या आसपास वसाहती दिसायला हव्यात. ५०० आल्या तर तुमचा एमआयसी उगाच जास्त आलेला असेल, ५ आल्या तर उगाच कमी.

ई. कोलायवर काही दिसलं नाही यात नवल नाही. ग्रॅम-ऋण जिवाणूंचं बाह्य आवरण बरेच वनस्पतिज रेणू अडवतं, आणि जे आत शिरतात त्यांना पंप बाहेर काढतात. हे नकारात्मक उत्तर म्हणून सरळ नोंदवा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

शोषणांक

प्लेटबद्दल वर आलंच आहे, मी डीपीपीएचबद्दल बोलतो. तुमचा सगळ्यात संशयास्पद आकडा अर्काचा नाहीच, ॲस्कॉर्बिक आम्लाचा आहे.

ॲस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू विझवतो. म्हणजे त्याचं आयसी५० कागदावरच काढता येतं. ३ मिली अधिक १ मिली केल्यावर डीपीपीएच ०.१ वरून ०.०७५ मिलीमोलर झालं. त्यातलं निम्मं विझवायचं म्हणजे ०.०३७५, आणि त्याला लागणारं आम्ल त्याच्या निम्मं, ०.०१८७५ मिलीमोलर. रेणुभार १७६.१ धरला तर मिश्रणात ३.३ मायक्रोग्रॅम/मिली. मिसळण्याआधीच्या नमुन्याची तीव्रता लिहीत असाल तर चौपट, म्हणजे १३.२. तुमचे ३८ यातल्या कशातच बसत नाहीत.

कारणं दोन संभवतात. एक, आम्लाचा द्राव शिळा असावा. पाण्यातलं ॲस्कॉर्बिक आम्ल काही तासांत ऑक्सिडाइज होतं, तांब्या-लोखंडाचा अंश असला तर आणखी लवकर. वजन करून त्याच तासात वापरा. दोन, डीपीपीएच ०.१ पेक्षा दाट झालं असावं. १०० मिली मेथॅनॉलमध्ये ३.९४ मिग्रॅ लागतं. वजनकाट्याची शेवटची जागा १ मिग्रॅची असेल तर हे वजन अंदाजपंचेच होणार. २० मिग्रॅच्या आसपास तोलून दाट साठा करा आणि मग पातळ करा. १ सेंमीच्या क्युवेटमध्ये ०.१ मिलीमोलरचं शोषण एक-सव्वाच्या घरात यायला हवं, आणि ३:१ मिसळल्यावर कंट्रोलचं ०.८ ते ०.९. तुमच्या कंट्रोलचं रीडिंग किती होतं ते कळवा, बराचसा उलगडा तिथेच होईल. आयसी५० लिहिताना ते मिश्रणातलं की मिसळण्याआधीचं, हे नोंदवलंच पाहिजे. छापील तक्त्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत त्यामागे बहुतेकदा हाच घोळ असतो.

'५०० ला ९२ टक्के' यावरून काहीच कळत नाही. तिथे डीपीपीएच संपलेलं आहे. १००० ला घेतलं तरी ९२ च येईल, कारण विझलेल्या डीपीपीएचचा पिवळा रंग ५१७ ला थोडं शोषण ठेवतोच. ५ ते २०० मायक्रोग्रॅम/मिलीमध्ये सहा-सात टप्पे घ्या, २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान किमान चार बिंदू पडू द्या, आणि वक्र बसवून आयसी५० काढा. सगळ्या बिंदूंतून सरळ रेषा ओढू नका. वरचा सपाट भाग रेषेला खाली ओढतो आणि आयसी५० सरकतं.

अर्क हिरवा आहे, म्हणून प्रत्येक टप्प्याला रंगाचा ब्लँक घ्यायचा: तेवढाच अर्क, पण डीपीपीएचऐवजी मेथॅनॉल. नमुन्याच्या शोषणातून ते वजा करून मग टक्केवारी. हे केलं नाही तर जास्त तीव्रतेला टक्केवारी चक्क घटताना दिसते.

डीपीपीएचसाठी डीएमएसओतला साठा वापरू नका, मेथॅनॉलमध्ये वेगळा करा. आणि हायड्रॉक्सिल रॅडिकलची चाचणी करायचा विचार असेल तर डीएमएसओ अजिबात नको. तो स्वतःच हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतो, अर्काचं श्रेय विद्रावकाला जाईल. की उलट म्हणू, विद्रावकाचं अर्काला!

एका चाचणीवर विसंबू नका. जोडीला एबीटीएस (दुसऱ्या एका रॅडिकलवरची चाचणी) करा: ७ मिलीमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलीमोलर पोटॅशियम परसल्फेट एकत्र करून १२ ते १६ तास अंधारात, मग ७३४ नॅनोमीटरला ०.७० येईपर्यंत पातळ करायचं, तुलनेला ट्रोलॉक्स हा प्रमाण ॲन्टिऑक्सिडंट. ७३४ ला क्लोरोफिलचा अडथळा फारसा नसतो, त्यामुळे हिरव्या अर्काला हे जास्त मानवतं. फोलिन-चिओकाल्टो अभिकर्मकाने एकूण फिनॉल काढाल तेव्हा इतकं ध्यानात असू द्या की ॲस्कॉर्बिक आम्ल आणि इतर क्षपणकारी पदार्थही त्यात निळा रंग देतात. तो आकडा 'गॅलिक आम्लाच्या तुल्य' असतो, प्रत्यक्ष फिनॉलचं वजन नव्हे.

हर्बेरियम_शीट

सगळे रसायनात शिरलात, पण पान कोणाचं होतं हे कोणी विचारलं नाही! एकदांडी, दगडी पाला, कंबरमोडी ही एकाच झाडाची नावं सांगतात, आणि उलट एकच नाव दोन गावी दोन झाडांना असतं. फुलाशिवाय गोळा केलेली पानं ओळखीच्या दृष्टीने बिनकामाची. लांब, एकट्या दांड्यावर एकच फूल, मध्ये पिवळं, कडेला मोजक्या फिक्या पाकळ्या आणि त्यांच्या टोकाला तीन दाते, बीवर पिसासारखा केसांचा झुबका: हे सगळं दिसलं तर एकदांडी. माक्याच्या फुलाला बारीक पांढऱ्या पाकळ्या भरपूर असतात, दांडा आखूड असतो, आणि पान चुरगाळलं की रस काळवंडतो. फुला-मुळासकट एक रोप दाबून वाळवा, तज्ज्ञाकडून ओळख पटवा, वनस्पतिसंग्रहालयात जमा करून क्रमांक घ्या. तो क्रमांक नसेल तर पुढचे सगळे आकडे कोणत्या झाडाचे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

जागा, तारीख, झाड फुलावर होतं की नाही, हेही टिपा. रस्त्याच्या कडेची किंवा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची पानं नकोत. कीडनाशकाने जिवाणू दबले तर श्रेय एकदांडीला जाईल.

वाळवणं सावलीत, वारा खेळता, पातळ थर, रोज उलथापालथ. नाहीतर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये, पान हातात चुरा होईपर्यंत. उन्हात फिनॉलिक द्रव्यं आणि रंगद्रव्यं दोन्ही खराब होतात. थर जाड राहिला तर बुरशी धरते, आणि मग अर्कात बुरशीचीही रसायनं येतात.

रानपाला

डीपीपीएच कंट्रोलचं रीडिंग २.१ होतं. म्हणजे द्राव दाटच होता. ॲस्कॉर्बिक आम्ल आदल्या दिवशी केलेलं.

दरम्यान पेट्रीडिश यांच्या मांडणीने एक प्लेट लावली, त्याच जुन्या अर्काची. अर्क पडताच पहिल्या दोन रकान्यांत ब्रॉथ गढूळ झाला, त्यामुळे वाढ डोळ्यांनी ओळखता येईना. म्हणून १८ तासांनी रेझाझुरिन (निळा रंग, जिवंत पेशी त्याचं क्षपण करून गुलाबी करतात) घातलं. पण जिवाणू नसलेल्या रांगेतही पहिले दोन वेल गुलाबी! अर्क दूषित आहे का? आटवणं आणि गाळणं यात काय बदलू?

शोषणांक

रीडिंग २.१ म्हणजे डीपीपीएच हवं त्याच्या दुप्पट-अडीचपट. ३८ चं कोडं सुटलं. अर्काचा आकडाही त्याच द्रावावरचा आहे, तो सोडून द्या.

पेट्रीडिश

गुलाबी होण्याची दोन कारणं असू शकतात. प्रत्येक गुलाबी वेलमधून १० मायक्रोलिटर अगारवर टाका. वसाहती आल्या तर दूषित. मेथॅनॉलने जिवाणू मरतात पण बॅसिलसचे बीजाणू तग धरतात, आणि पानावर ते हमखास असतात. साठा ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून काढा, पण पडदा पीटीएफईचा हवा. सेल्युलोज ॲसिटेट किंवा नायट्रेटचा पडदा डीएमएसओमध्ये विरघळतो आणि तो विरघळलेला पडदाच प्लेटमध्ये जातो.

वसाहती नाही आल्या तर अर्कच रंगाचं क्षपण करतोय. डीपीपीएचमध्ये ज्या गुणाचं कौतुक झालं, तोच इथे आडवा येतो. अशा वेलमध्ये रंगावर विश्वास नको. १० मायक्रोलिटरचे ठिपके अगारवर टाकून कोणत्या रकान्यापासून जिवाणू उगवतात ते पाहा. त्याच ठिपक्यांवरून कोणता वेल पुढे मोजायचा तेही कळेल: मारक तीव्रता म्हणजे एमबीसी ठरवायला त्या वेलमधल्या वसाहती मोजून ९९.९ टक्के घट दाखवावी लागते, नुसता ठिपका रिकामा दिसणं पुरेसं नाही.

गढूळपणावर उपाय अर्क सोपा करण्याचा. कच्च्या मेथॅनॉल अर्कात साखर, क्षार, क्लोरोफिल, मेण सगळं एकत्र असतं. पूड आधी हेक्झेनने, मग एथिल ॲसिटेटने, मग मेथॅनॉलने काढा, दर वेळी चोथा पूर्ण वाळवून. मेण आणि बराचसा हिरवा रंग आधीच निघून जातो, आणि क्रिया असलीच तर कोणत्या भागात आहे तेही कळतं. पुडीच्या दहापट विद्रावक ठीक आहे, पण एकदाच काढून थांबू नका. चोथा बराच द्राव धरून ठेवतो. ताजा विद्रावक घालून आणखी दोनदा, २४-२४ तास, शेकरवर.

आटवायला रोटरी इव्हॅपोरेटर, बाथ ४० अंश, निर्वातात. ८० अंशांना उघड्यावर हवा आणि उष्णता दोन्ही मिळून फिनॉलिक द्रव्यं खराब करतात, आणि मेथॅनॉलची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही, हे वेगळं. मग डेसिकेटरमध्ये, सलग दोन वजनं सारखी येईपर्यंत. लगदा चिकट होता म्हणजे त्यात विद्रावक किंवा पाणी राहिलं होतं, तुमचे १५.५ टक्के फुगलेले असण्याची शक्यता दाट आहे.

दोन_काचपट्ट्या

दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. ॲन्टिऑक्सिडंट चांगला म्हणून जिवाणूरोधक चांगला, असा काही संबंध नाही. डीपीपीएच फक्त एवढंच मोजतं की रेणू इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन किती सहज सोडतो. जिवाणू मारायला पटल फोडावं लागतं, एखादं विकर अडवावं लागतं, नाहीतर धातूचे आयन पळवावे लागतात.

गंमत पुढे आहे. इलेक्ट्रॉन सहज सोडणारी पॉलिफिनॉल, उदाहरणार्थ गॅलिक आम्ल, ब्रॉथमध्ये हवेतल्या ऑक्सिजनलाच तो देतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जिवाणू त्याने मरतात, आणि अहवालात 'वनस्पतीचा जिवाणूरोधक गुण' म्हणून नोंद होते. म्हणजे तोच रेणू मेथॅनॉलमध्ये ॲन्टिऑक्सिडंट आणि ब्रॉथमध्ये नेमका उलटा. तपासायला एक रांग कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं विकर) घातलेली, साधारण १०० युनिट/मिली, आणि एक रांग उकळून निकामी केलेल्या कॅटलेजची. पहिल्या रांगेत क्रिया गेली आणि दुसरीत राहिली, तर पेरॉक्साइडच काम करत होतं. टॅनिनचाही असाच प्रकार: ती प्रथिनांना धरून साका करतात, समोर कोणतंही प्रथिन असो. पीव्हीपीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारी, न विरघळणारी पूड) मिसळून, गाळून पुन्हा चाचणी घेतली आणि क्रिया नाहीशी झाली, तर टॅनिन किंवा तशाच पॉलिफिनॉलकडे बोट जातं.

लिहिताना: कच्च्या अर्काचा एमआयसी १०० मायक्रोग्रॅम/मिली किंवा खाली आला तर पुढे खोदण्यासारखं आहे. १००० च्या वर असेल तर 'क्रिया आढळली नाही' लिहा, 'मध्यम' वगैरे नको. एमआयसी चांगला आला तरी सस्तन प्राण्यांच्या पेशींवरची विषाक्तता सोबत हवी; पेशी निम्म्या मारणारी तीव्रता एमआयसीच्या दहापट तरी वर असावी, नाहीतर तो अर्क सगळ्यांनाच मारतोय.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एकाच अर्काच्या तीन वेलमधला फरक तुमचा पिपेट किती स्थिर आहे एवढंच सांगतो. वेगवेगळ्या वेळी गोळा करून वेगळे काढलेले तीन अर्क, वेगवेगळ्या दिवशी, हा खरा एन बरोबर तीन. एमआयसीची सरासरी काढून त्यापुढे अधिक-वजा लिहू नका. ते दुपटीच्या पायऱ्यांवरचे आकडे आहेत, मध्यक द्या आणि पल्ला द्या.

रानपाला

कॅटलेजची रांग लावतो. साठा एकदाच करून सगळ्या फेऱ्यांना वापरला तर चालेल ना?

दोन_काचपट्ट्या

वाळलेला अर्क उणे २० अंशांना, अंधारात, घट्ट बंद ठेवा आणि डीएमएसओतला साठा लागेल तसा करा. केलाच तर १००-१०० मायक्रोलिटरच्या कुप्यांत वाटून गोठवा, आणि एक कुपी एकदाच वापरा. डीएमएसओ साडेअठरा अंशांखाली घट्ट होतो, त्यामुळे फ्रिजमधून काढल्या काढल्या पिपेट लावलं तर तळाशी बसलेला अर्क तिथेच राहतो. खोलीच्या तापमानाला पूर्ण वितळू द्या, व्होर्टेक्स करा, उजेडासमोर धरून तळ पाहा. कण दिसले तर ती कुपी बाजूला ठेवा. शिवाय डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतो, म्हणून झाकण उघडं ठेवून प्लेट लावत बसू नका.